पाचवा कार्तिक

सेवती पात्रो गेली तेव्हा तिचा तिसरा कार्तिक चालू होता. खरं म्हणजे आठवा. पण ती स्वतः तिसराच म्हणायची, आणि का म्हणायची ते ओडिशातल्या ब्रह्मपूरच्या आमच्या गल्लीत चार जणांना ठाऊक आहे. त्यातले तिघे अजून तो किस्सा सांगून हसतात. चौथा मी. मी हसत नाही, पण म्हणून मी त्यांच्याहून बरा आहे असं कुणी समजू नये. तिने शेजारणींना सांगूनच ठेवलं होतं की चितेला अग्नी कुणीही द्या, दिबाला जवळ येऊ देऊ नका. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून धूर पाहिला.

तिला सगळे खुडी म्हणायचे. खुडी म्हणजे धाकटी काकू. ती गगनबाबू पात्रोंची काकू. गगनबाबूंचं रेशमी साड्यांचं दुकान आहे आणि त्यांची गाडी मी चालवतो. माझं नाव दिबाकर, पण गाडीवाल्याला पूर्ण नावाने कोण हाक मारतो?

बाई दिसायला काडी आणि बोलायला कात्री. पहाटे विहिरीवर अंगावर पाणी घेताना इतक्या मोठ्याने देवाचं नाव घ्यायची की शेजारी तिला आणि देवाला मिळून शिव्या द्यायचे. कुणी तिच्या चुलीजवळून गेलं की खेकसायची, "लांब हो, माशाचा हात लावशील." गगनबाबूंच्या बायकोला, लोपाला, हे दिवसातून दहा वेळा ऐकावं लागायचं, आणि लोपा ते दहाही वेळा लक्षात ठेवायची. गरीब विधवेकडे सोवळ्याशिवाय दुसरं हत्यार नसतं. खुडीने ते कधी खाली ठेवलं नाही.

पण तिचा हात बघावा. कार्तिकात आमच्या बायका तुळशीपुढे रोज सकाळी मुरुज घालतात, म्हणजे रंगीत पुडीची रांगोळीच. खुडीला बाजारचा रंग चालत नसे. पांढरी पूड दगडाची, हिरवी वाळवलेल्या बेलपानांची, काळी जाळलेल्या करवंटीची, पिवळी हळदीची, तांबडी विटेची. चिमटीतून सोडलेली पूड दोऱ्यासारखी पडायची. आत रोज वेगळं चित्र, पण बाहेरची किनार कायम एकच, देवळांच्या शिखरांची रांग. तिचा नवरा बनमाळी मागावर साडीच्या काठाला तीच विणायचा. माग केव्हाच विकला गेला होता, त्याच्या हातची एकही साडी घरात उरली नव्हती. तो काठ आता फक्त खुडीच्या चिमटीत होता आणि तोही दुसऱ्या सकाळी झाडून टाकायचा असायचा.

बनमाळी सूरतेला मेला. हातमाग बसल्यापासून आमचा अर्धा गंजाम जिल्हा सूरतेला यंत्रमागावर जातो. तो गेला, मीही गेलो. एका खोलीत चाळीस जण, झोपायचं पाळीपाळीने. एक उठला की त्याच्या गरम जागेवर दुसरा आडवा. बनमाळी उठायचा त्या जागेवर मी झोपायचो. तापाने चार दिवसांत आटोपला. गावाहून कुणी येईपर्यंत प्रेत ठेवायचं कुठे, खोलीत जिवंत माणसांनाच जागा नव्हती. तापीकाठी मी त्याला अग्नी दिला, राख तापीत सोडली आणि खुडीला सांगायला गाडीत बसलो.

ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

"मी दिला, खुडी. माझ्या हाताने."

तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. त्या दिवसापासून तिचा भरवसा दोघांवर होता, जगन्नाथावर आणि माझ्यावर. गावातल्या बाकी कुणाच्या हातचं ती पाणी प्यायची नाही. माझ्या हातचं प्यायची.

पुरोहिताने सांगितलं की मूल नाही, अस्थी नाहीत, राख परक्या नदीत, म्हणजे बनमाळी मधल्यामध्ये लोंबकळतोय. त्याला सोडवायचा तर बायकोने लागोपाठ पाच कार्तिक हबिष करायचं. महिनाभर पहाटे थंड पाण्याने आंघोळ, दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्य बुडायच्या आत, आपल्या हाताने एका भांड्यात शिजवलेलं. कांदा नाही, लसूण नाही, मासळीची तर सावलीही नाही. पाचव्या कार्तिकाची पौर्णिमा पुरीला, समुद्रात त्याच्या नावाची होडी सोडायची, की सुटला. मात्र मध्ये एक घास जरी बाटला तरी आधीचं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. पुरोहिताचं काय जातं सांगायला. पण खुडीने ते शब्द गाठीला बांधले आणि चार कार्तिक काढले. पाचवा लागला तशी ती गगनबाबूंपुढे येऊन उभी राहिली. "मला पुरीला ने. बाकी आयुष्यात काही मागायची नाही."

गगनबाबूंना तसंही फिरायला जायचं होतं. लोपाचा भाऊ टुटु आला होता, आभाळ निवळलं होतं, चिलिका सरोवर पाखरांनी भरलं होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने रंभा, सातपडा, पुरी, कोणार्क असं जायचं ठरलं. काकूला पुरी घडवली म्हणून गल्लीत नाव होईल ते वेगळंच. मागच्या सीटवर बॅगांच्या मध्ये तिची सोय झाली. मांडीवर रंगांचे पाच डबे घेऊन ती बसली आणि गावाची वेस ओलांडायच्या आत तिने लोपाला बॅग सरकवायला सांगितली, कारण त्या बॅगेत सुक्या मासळीचं लोणचं होतं.

निघालो तो एकादशीचा दिवस. कार्तिकाचे शेवटचे पाच दिवस म्हणजे पंचुक, आणि पंचुकात बगळासुद्धा माशाला शिवत नाही असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. वाटेत पाण्यात बगळे एका पायावर उभे होतेच.

"बघ रे टुटु, बगळे व्रत करतायत," गगनबाबू म्हणाले.

"करू देत की, भिणोई," टुटु मेव्हणेबुवांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. "त्यांच्या वाटचे आपण खाऊ."

मागून आवाज आला, "खा. किडे पडतील पोटात."

सगळे हसले. तेव्हा ते खरंच गमतीने हसले होते. वाईट सुरू झालं ते रंभाला.

दुसऱ्या सकाळी रंभाच्या लॉजपुढे, पाण्याच्या कडेला, खुडीने मुरुज घातलं. तिथे कलकत्त्याची एक चित्रकार बाई उतरली होती, पिकलेल्या केसांची, जाड चष्म्याची. ती येऊन जी उकिडवी बसली ती तासभर हललीच नाही. खुडीला म्हणाली, "हा काठ कुणी शिकवला?"

"माझ्या माणसाने. तो विणायचा, मी शेजारी बसून बघायची."

"मी हा वहीत उतरवून घेऊ का?"

खुडीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "घे. पण शिखरं सात काढ. सहा काढलीस तर तो त्याचा काठ नाही."

आता लोपा तैलरंगात चित्रं काढते. दिवाणखान्यात तिचे दोन राजहंस टांगलेले आहेत, येणाऱ्याला ते बघितल्याशिवाय चहा मिळत नाही. तिने फोन पुढे केला. "मीसुद्धा पेंटिंग करते." बाईने दोन राजहंसांना मिळून एक "छान" दिलं आणि पुन्हा खाली वाकून शिखरं मोजायला लागली. मी गाडी पुसत होतो. लोपाच्या मानेवर चढलेला रंग मला दिसला. लोपाचा रंग चढला की त्याची किंमत घरात कुणाला तरी मोजावी लागते हे मला सूरतेहून परतल्यापासूनच्या चार वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

गाडीत बसल्याबसल्या ती म्हणाली, "दिबा, सांभाळून चालव रे बाबा. मागे कलाकार बसलेत."

"मोठे कलाकार," टुटु म्हणाला. "नुसते पाणी आणि भातावर जगतात."

"पण जीभ बघ ना कशी पोसलेली आहे."

खुडी डबे घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत होती. तिची मान मात्र जरा ताठ होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या माणसाचा काठ कुणीतरी वहीत उतरवून घेतला होता, ताठ का नसावी?

गंजामवरून पालुरचा रस्ता धरला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिलिका, मध्ये पांढऱ्या काशफुलांची दाटी. जान्हीकुडाला गाडी होडीवर चढवून पलीकडे सातपड्याला उतरलो. तिथल्या लॉजला अंगण एवढंसं. त्रयोदशीच्या सकाळी खुडीने नेमकं गाडीच्या मागे मुरुज मांडलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. गगनबाबू बाहेर आले, त्यांच्यामागे लोपा. लोपाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"दिबा, गाडी मागे घे."

"बाबू, मागे खुडीचं मुरुज आहे. पुढून वळवून..."

"मागे घे म्हटलं ना."

मी घेतली. चाकं शिखरांवरून गेली. उतरलो तेव्हा खुडी काळ्या पुडीचा डबा हातात घेऊन उभी होती, अजून काळं भरायचं राहिलं होतं. मला वाटलं, आता कात्री चालेल. ती म्हणाली, "असू दे बापा. उद्या पुसायचंच होतं, आज चाकाने पुसलं. तुझा काय दोष, तू हुकमाचा."

मला तिचा राग आला. खरं सांगतो. शिवी दिली असती तर मी तिला मनातल्या मनात परत दिली असती आणि फिटंफाट झाली असती. माफ केलं की माणूस अडकतो.

त्या दुपारी गगनबाबूंनी मला आपल्या टेबलावर बसवलं. चार वर्षांत पहिल्यांदा. "ये रे, तू आपलाच माणूस." टुटुने चिलिकाच्या खेकड्याची सर्वांत मोठी नांगी फोडून माझ्या पानात टाकली. पंचुक होतं, माझ्या आईने जन्मभर पाळलेलं. मी खेकडा खाल्ला, बोटं चोखली, आणि खुडीची नक्कल करून दाखवली, 'लांब हो, माशाचा हात.' लोपाला हसून हसून ठसका लागला. त्या टेबलावर मला फार बरं वाटलं. पुढे जे केलं ते नोकरीच्या भीतीने केलं असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. ते त्या टेबलासाठी केलं.

चतुर्दशीला डॉल्फिन बघण्यात दिवस गेला. पुरीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लॉजवाला खोलीत चूल पेटवू देईना. खुडी सकाळपासून उपाशी, आणि सूर्य बुडाला की त्या दिवशीचं जेवण गेलं. तिने एक दिवस निराहार काढलाही असता, पण उभी राहिली तर भिंत धरायला लागत होती.

टुटु उठला. "चल दिबा. खुडीसाठी महाप्रसाद आणू, तो हबिषातही चालतो."

खुडीने भिंत धरूनच हात जोडले. "तुझं भलं होऊ दे रे बाबा. मी तुला काय काय बोलले."

देवळातल्या आनंदबाजारातून आम्ही मातीच्या मडक्यात भात आणि भाज्या घातलेल्या डाळीचा डालमा घेतला. मडकं माझ्या हातात. परतताना समुद्राच्या रस्त्यावर टुटु एका टपरीशी थांबला, कोळंबीचा रस्सा रटरटत होता. त्याने डावभर रस्सा वाटीत घेतला, बारकी कोळंबी बोटाने चिरडली आणि माझ्या हातातल्या मडक्यात ओतून काडीने ढवळलं.

"टुटुबाबू, महाप्रसाद आहे तो."

"मग? महाप्रसादाला विटाळ नसतो असं तुम्हीच म्हणता ना? बघू या तुमचा जगन्नाथ कोळंबी पचवतो का." मग माझ्या गळ्यात हात टाकून हळूच म्हणाला, "लोपाअपाला शब्द दिलाय मी, आज म्हातारीचं सोवळं सोडवतो म्हणून. तू आपला माणूस ना?"

मडकं खाली टाकता आलं असतं. पाय अडखळला म्हणालो असतो तर कुणी मला फासावर दिलं नसतं. ह्या एवढ्याशा गोष्टीचा मी नंतर फार विचार केला आहे. तेव्हा केला नाही. तेव्हा मी हसलो.

खुडी पान मांडून बसली होती. महिनाभर थंड पाण्याने तिचं नाक चोंदलेलं, डोळे पाणावलेले. वास तिला कळणं शक्यच नव्हतं. महाप्रसादावर संशय घेणंही पाप, तो हातात आला की खायचाच. तरी तिने सवयीने विचारलं, "आनंदबाजारातलाच ना?"

"हो, खुडी."

"कुणी आणला?"

मागे दाराशी तिघे उभे होते. लोपाने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"मी आणला, खुडी. माझ्या हाताने."

बघा, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

तिने मडक्याला डोकं टेकवलं. महाप्रसाद एकट्याने खायचा नसतो, म्हणून पहिला घास तिने माझ्या तोंडात घातला. जिभेला कोळंबी लागली. मी ती गिळली आणि तिच्याकडे बघून मान हलवली. मग ती जेवली. एक शीत सांडू दिलं नाही, मडकं बोटाने पुसून घेतलं. म्हणाली, "आज चव लागली बापा. महिनाभर तोंडाला चवच नव्हती." दाराशी कुणीतरी फुटल्यासारखं हसलं आणि पळालं. खुडीला वाटलं, खोकला.

पौर्णिमेच्या पहाटे समुद्रावर माणसांची जत्रा. खुडीने केळीच्या सोपाची होडी केली होती, त्यात दिवा, विडा आणि पाची रंगांची एकेक चिमूट. कमरेइतक्या पाण्यात जाऊन तिने होडी सोडली. दोन लाटांनी परत आणली. तिसऱ्या लाटेने नेली ती नेलीच, दिवा बराच लांबपर्यंत दिसत राहिला. खुडी माझा दंड धरून ओल्या कपड्याने उभी होती.

"गेला. दिबा, सुटला रे तो."

आणि मग ती रडली. सूरतेची बातमी आणली तेव्हा न रडलेलं सगळं त्या वाळूत रडली. मी ठरवलं, हे तिला कधी कळायचं नाही. न कळलेला विटाळ तो विटाळ नव्हे. तिघांना हात जोडून सांगेन. कोणार्कच्या रस्त्याने जाताना तिने खिडकी उघडून तोंडावर वारा घेतला, सुरूच्या झाडांकडे बोट दाखवून मला म्हणाली, अशी रांग मुरुजात घालून बघायला हवी. तिचं ते हसणं बघून मला हात जोडायचा धीर झाला नाही. उद्या सांगू म्हटलं.

दुसरा दिवस छाडखाईचा. महिनाभर मासळी सोडलेला अख्खा मुलूख त्या दिवशी मासळीवर तुटून पडतो. परतीला सातपड्याच्या हॉटेलात जेवायला थांबलो, बसायला जागा नव्हती. विधवा म्हणून खुडी तशीही कधी मासा खात नसे. तिने आपल्या पानात साधा भात आणि डाळ घेतली होती. आम्हा चौघांच्या पानात मासे. मी पुन्हा त्याच टेबलावर, तिच्या समोर.

लोपाने मीठ घ्यायला हात पुढे केला. तो खुडीच्या पानावरून गेला.

"लांब हो," खुडी म्हणाली. रागाने नाही, सवयीने. "माशाचा हात."

लोपाचा हात तिथेच थांबला. "माझा माशाचा हात? आणि तुझं पोट कशाचं गं, खुडी?"

"लोपा," गगनबाबू म्हणाले, पण ते हसतच होते.

"का, सांगू दे की. चतुर्दशीला मडकं चाटूनपुसून खाल्लं तेव्हा माशाचा हात नाही आठवला? टुटु, सांग रे, कुठली होती कोळंबी?"

"टपरीवरची," टुटु म्हणाला. "ताजी होती, खुडी. काळजी नको."

खुडीने आधी ते हसण्यावारी नेलं. मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे वळली. तिला खात्री होती की मी आता म्हणणार, थट्टा करतायत, खुडी. मी पानातल्या माशाचे काटे वेगळे करत होतो.

"दिबा? तू म्हणाला होतास, तुझ्या हाताने आणलंस."

"आणलं मीच होतं, खुडी."

पान तिने पुढे सारलं. पाच बोटं उघडून बघितली, मग मिटली. कार्तिक मोजत असावी. आजूबाजूला लोक मासे मागवत होते, ओरडत होते, घाटावर होडीने भोंगा दिला. टुटुने पुन्हा हसून बघितलं, कुणी साथ दिली नाही.

मग खुडीने विचारलं. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं.

"दिबा, सूरतेत... अग्नी तरी तूच दिला होतास ना?"

"हो, खुडी," मी म्हटलं. "माझ्या हाताने."

ते खरं होतं. तापीकाठी पाऊस भुरभुरत होता, लाकडं ओली होती, तीन काड्या विझल्या आणि चौथी पेटली. सगळं खरं होतं. पण शब्द तेच होते आणि आवाजही तोच होता. तिने माझ्या हातांकडे बघितलं. ते मनगटापर्यंत माशाच्या रश्शाने माखलेले होते.